लाल खड्यांची डबी

आदल्या दिवशी आई-बाबांचं भांडण झालं ते साखरेवरून.

साखरेत मुंग्या झाल्या म्हणून आईने डबा बाबांच्या हाती दिला, आणि बाबांनी ती साखर अशी चाळली की जणू तिच्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे. चाळण गरगर फिरवायची, मधेच एक हिसका द्यायचा, पुन्हा फिरवायची, आणि शेवटी एका झटक्यात सगळा ऐवज वर्तमानपत्रावर पालथा घालायचा. मग त्या ढिगाच्या मधोमध नाक टेकेपर्यंत वाकून बघायचं. जड असेल ते मधे जमतं. त्या मधल्या ठिपक्याला ते 'डोळा' म्हणत. डोळ्यात मुंगी नव्हती. मुंगी हलकी असते. मुंग्या कडेकडेने चालत टेबलाच्या पायावरून केव्हाच खाली उतरल्या होत्या, आणि साखर ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत सांडली होती.

"आयुष्यभर नद्यांची वाळू चाळलीत," आई म्हणाली, "एक हिरा म्हणून घरात आला नाही. आता माझी साखर तेवढी मातीत घालायची राहिली होती."

"पण साखरेत काही नाही, एवढं तर सिद्ध झालं ना?" बाबा म्हणाले.

यात त्यांचा सगळा धंदा आला. बाबा हिऱ्यांच्या खाणी शोधणाऱ्या एका कंपनीत भूवैज्ञानिक होते, आणि लोकांना वाटतं तसं ते काम हिरे शोधण्याचं नसतं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते हिरे नाहीत हे सिद्ध करण्याचं असतं. जिथे रस्ता संपे तिथे बाबांची नोकरी सुरू होई. तंबू, चाळण्या, गोण्या आणि नजर जाईल तिथवर ओसाड माळ. एकेका ओढ्यातली वाळू धुवायची, गोणीत भरायची, प्रयोगशाळेकडे धाडायची, आणि काही महिन्यांनी उत्तर यायचं: शून्य. शून्याच्या अशा अहवालांवर त्यांनी इतक्या सह्या केल्या की कचेरीत त्यांना 'नन्नाचा पाढा' असंच नाव पडलं होतं. ते नाव त्यांना आवडायचं. "'नाही' म्हणायला अभ्यास लागतो," ते म्हणायचे. "'हो' काय, कुणीही गाढव म्हणतं."

हिरा मुळात थेट सापडतच नाही, हेही त्यांनीच लेकीला सांगितलं होतं. जमिनीच्या पोटातून दगडाची एक उभी नळी वर आलेली असते, हिरे असले तर तिच्यात. पण त्याआधी वाटेत भेटतात ते हिऱ्याचे सोबती: पाण्याने दूरवर वाहून आणलेले बारीक, जांभळट लाल खडे. ते ओळखायचे आणि ज्या दिशेने ते आले त्या दिशेने उलटं चालत जायचं.

"म्हणजे वऱ्हाडी सापडतात," आई म्हणायची, "आणि नवरामुलगा जन्मभर बेपत्ता."

लेक त्या वेळी जेवणाच्या टेबलाच्या साखर न सांडलेल्या टोकाला मुद्रितं तपासत बसली होती. ती पंचेचाळिशीची, आई-बाबांबरोबरच राहणारी, आणि शब्दकोशांची मुद्रितं तपासणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. "तुझं बरं आहे," बाबा तिला म्हणत. "तू चुका शोधतेस. रोज सापडतात. मी हिऱ्यांच्या मागे गेलो तिथेच फसलो."

ती यावर हसायची, पण पुरतं नाही. तिच्या लहानपणी बाबा वर्षातले आठ-नऊ महिने घरात नसायचे. आले की बुटातून वाळू काढत बसायचे. रस्त्याने चालताना त्यांची मान खाली. दगड दिसला की उचलायचा, जिभेने ओला करायचा आणि उजेडात धरायचा. ओला झाल्याशिवाय दगडाचा खरा रंग कळत नाही म्हणे. मैत्रिणींनी हे एकदा पाहिलं तेव्हापासून ती त्यांच्यापासून चार पावलं मागे चालू लागली. "तुझ्या बाबांना आपल्यापेक्षा दगड प्यारे," हे आईचं ठरलेलं वाक्य होतं. आई ते चिडून म्हणायची आणि विसरायची. लेकीने ते नीट घडी घालून ठेवून दिलं होतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी टीव्हीवर एका नव्या हिऱ्यांच्या खाणीची बातमी लागली. माळरानाच्या मधोमध उतरत गेलेला पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा, आणि त्यात खेळण्यातल्यासारखे दिसणारे ट्रक. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि एकदम हसायला लागले. हसता हसता खोकला लागला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"अगं, हा माझा ओढा! दोन हंगाम तंबू ठोकून होतो तिथे. रिकामा आहे म्हणून अहवाल गेला होता."

"मग कपाळावर हात मारायचा सोडून हसताय काय?"

"उद्घाटनाला बोलावलंय त्यांनी मला. परवाच पत्र आलं. म्हटलं, कुठली तरी दुसरीच खाण असेल." ते लेकीकडे वळले. "येशील का गं माझ्याबरोबर?"

"बघू," ती म्हणाली. त्या घरात 'बघू'चा अर्थ साधारण 'हो' असाच होता.

"तुझी ती डबी कुठाय? लाल खड्यांची?"

तिने पान उलटलं. "असेल कुठेतरी."

"मी एकदा ती परत मागितली होती. आठवतं का?"

"नाही," ती म्हणाली. आठवत होतं.

"तू म्हणालीस, 'घ्या'. मान वर न करता." बाबा कपातल्या चहाकडे बघत होते. "तुला खरंच नको होते का गं ते खडे?"

"बाबा, चहा गार होतोय."

"आण ना डबी. बघू तरी. तिकडे जाताना बरोबर नेऊ."

"उद्या काढते."

डबी कपाटावर नव्हती, अडगळीतही नव्हती. ती तिच्या लिहिण्याच्या टेबलाच्या वरच्या खणात, पेन्सिलींच्या मागे होती आणि वर्षानुवर्षं तिथेच होती. उठून हात लांबवायचा अवकाश होता. पण हातातलं पान संपत आलं होतं, आणि 'उद्या' हा शब्द त्या घरात तोवर कधी नासला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दूध आणायला खाली उतरले. ज्या माणसाला पुराच्या नदीने सोडलं, सापाने सोडलं, एका चाकावर उतरलेल्या विमानानेही सोडलं, तो आपल्या इमारतीच्या जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर, पायरीवर बसला आणि गेला. दोन शेजारी त्यांच्या बाजूने उतरून गेले. मान खाली घालून काहीतरी शोधत असतील म्हणून कुणी त्यांना हटकलं नाही.

---

नव्या खाणीच्या कंपनीचा फोन आला तेव्हा घर नुकतंच रिकामं झालं होतं. भेटायला येणारे येऊन गेले होते आणि दूध एका माणसाचं कमी घ्यायला आई अजून शिकायची होती. फोनवर जनसंपर्क अधिकारी बाई होत्या. आवाज गोड, वाक्यं पाठ.

"आम्हाला अतीव दुःख झालं. पण कार्यक्रम तर ठरलेला आहे. त्यांच्या नावाचा फलक तयार आहे. आता त्यांच्या वतीने तुम्हीच या."

"कसला फलक?"

"खाणीच्या काठावरच्या सज्जाला त्यांचं नाव देतोय आम्ही. पहिले शोधकर्ते म्हणून."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "त्यांनी तर तिथे काही नाही असा अहवाल दिला होता."

"मॅडम," बाई मायेने म्हणाल्या, "प्रत्येक खाणीला एक आजोबा लागतात."

तिने नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "जा तू. एवढी वर्षं हा माणूस घर सोडून कुठे जाऊन बसायचा, ते एकदा बघून तरी ये. आणि मला सांग, आपल्यापेक्षा काय जास्त होतं तिथे."

निघताना तिने खणातून डबी काढली. खोकल्याच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी, झाकणावरचं चित्र झिजून गेलेलं. आत कापसावर अकरा खडे, डाळिंबाच्या दाण्यापेक्षाही लहान. बाबांनी तिच्यासाठी म्हणून आणलेली आयुष्यातली ही एकच वस्तू. तिच्या आठव्या वाढदिवसाला त्यांनी हिरा आणायचं कबूल केलं होतं. वाढदिवस उलटून गेल्यावर ते आले, आणि हिऱ्याऐवजी ही डबी निघाली. तिने उघडली, बंद केली, आणि "थँक्यू" एवढंसुद्धा म्हणाली नाही. आता ती डबी तिने स्वेटरच्या खिशात ठेवली. बरोबर नेऊ, असं ते म्हणाले होते. न्यायची, ओढा दाखवायचा, परत आणायची. बाकी फलक, भाषण, सज्जा, ज्याचं त्याला लखलाभ.

---

खाण म्हणजे आधी कुंपण होतं. मग दुसरं कुंपण. मग एक फाटक, आणि फाटकावर पाटी: 'आवारात खाली वाकू नये.'

"पाठदुखीसाठी का?" तिने विचारलं.

जनसंपर्कवाल्या बाई हसल्या नाहीत. "इथला प्रत्येक खडा कंपनीचा. जो वाकला, त्याने काहीतरी उचललं असं धरतात. काही पडलं तर पडू द्यायचं. पहारेकरी येऊन उचलून देतात."

आत जाताना कुणी कुणाचे खिसे पाहिले नाहीत. हिऱ्याच्या खाणीत काय आत येतं याची कुणाला पर्वा नसते. सगळ्यांना कंपनीची पिवळी जाकिटं आणि कंपनीचे बूट मिळाले. तिने जाकीट स्वेटरवरून चढवलं आणि डबी बरगडीशी टोचत राहिली.

सज्जा थेट खड्ड्याच्या तोंडावर होता. वारा इतका की पाहुण्यांचे चेहरे एका बाजूला गेल्यासारखे दिसत होते. फलकाशेजारी बाबांचा एक जुना फोटो भिंतीएवढा करून लावला होता: ओढ्यात गुडघाभर पाण्यात, पाठ कॅमेऱ्याकडे, कमरेतून पार वाकलेले. त्या अख्ख्या आवारात वाकायला परवानगी असलेला तो एकटाच माणूस.

मोठ्या साहेबांचं भाषण झालं. या द्रष्ट्या पुरुषाने इथल्या मातीत हिरा पहिल्यांदा ओळखला, असं ते म्हणाले. त्याच्या डोळ्यांत एक स्वप्न होतं, असंही म्हणाले. डोळे फोटोत दिसत नव्हते हे कंपनीचं नशीब. बाबांना हिरा बघायलाही आवडत नसे. "नुसता चकाकतो," ते म्हणायचे, "सांगत काही नाही." ती हातातलं चकचकीत माहितीपत्रक वाचत होती. सवयीने तिला ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडली. बाबांच्या नावाखालचा मजकूर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत शुद्ध होता, आणि सगळा खोटा होता. त्याला खूण कुठे करायची असते ते तिला शिकवलेलं नव्हतं.

तिच्यासाठीही कंपनीने भाषणाचा कागद तयार ठेवला होता. "माझे वडील नेहमी म्हणायचे" इथून त्याची सुरुवात होती. तो वाऱ्याने उडाला आणि दोन पावलांवर पडला. कुणीच हललं नाही. मोठे साहेब, जनसंपर्कवाल्या बाई, प्रमुख पाहुणे, सगळे त्या कागदाकडे बघत ताठ उभे राहिले. पहारेकरी खालच्या पायऱ्यांवरून वर येईपर्यंत कागद घरंगळत खड्ड्यात गेला. "धन्यवाद," ती म्हणाली आणि खाली उतरली. लोकांना ते भाषण फार आवडलं.

चहाच्या वेळी खाणीचा मुख्य भूवैज्ञानिक तिच्याजवळ आला. तिशीतला, चष्म्याच्या दोन्ही काड्या चिकटपट्टीने जोडलेला. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"तुमच्या वडिलांचे अहवाल वाचून शिकलो मी," तो म्हणाला. "असा 'नाही' म्हणणारा माणूस पुन्हा झाला नाही. या ओढ्यावर मात्र दैव आडवं आलं त्यांच्या. नमुन्यात एक लाल दाणा निघाला नाही. शून्य."

"मग खाण शोधली कुणी?"

"खरं सांगू? वाळवीने. वारुळं बांधताना खालून दाणे वर आणून ठेवले होते तिने. आम्ही नुसते बघितले." त्याने सज्जाकडे मान वळवली. "पण वाळवीला हार कोण घालणार?"

बाबा यावर किती हसले असते, असं तिला वाटलं, आणि लगेच आठवलं की हे सांगायला आता ते नाहीत.

---

बाहेर पडण्याच्या खोलीत भिंतीवर एक बटण होतं. प्रत्येकाने ते दाबायचं. हिरवा दिवा लागला तर जायचं, तांबडा लागला तर झडती. दिवा कुणासाठी काय लागेल हे यंत्र आपल्या मर्जीने ठरवी. मोठ्या साहेबांना हिरवा लागला. प्रमुख पाहुण्यांना हिरवा. तिला तांबडा.

पहारेकरीण उंच, भारदस्त, आणि दिवसभराच्या कामाने आंबलेली होती. तिने स्वेटरच्या खिशातून डबी काढली, झाकण उघडलं आणि शीळ घातली.

"अगं बाई! बघा, सभ्य माणसंच असं करतात."

"ते माझे आहेत. घरून आणलेत."

"सगळे घरूनच आणतात," पहारेकरीण म्हणाली आणि तिने मुख्य भूवैज्ञानिकाला बोलावलं. त्याच्या मागोमाग जनसंपर्कवाल्या बाईही आल्या, पाठ वाक्यांपैकी इथे कोणतं बसेल ते शोधत.

त्याने एक खडा चिमट्याने उचलला, भिंगाखाली धरला. मग, कुणाच्या लक्षात येण्याआधी, जिभेने ओला केला आणि दिव्याकडे धरला. तिने नजर वळवली. तेवढी एक गोष्ट तिला बघवली नाही.

"हे इथले आहेत," तो म्हणाला.

"घरून आणलेत, म्हटलं ना."

"हा जांभळा रंग, आणि हे राखाडी साल. दुसऱ्या कुठल्याच नळीत असे दाणे मिळत नाहीत. इथल्या ओढ्यातलेच." त्याने दुसरा खडा उचलला, तिसरा उचलला. त्याचा आवाज हळू झाला. "किती वर्षं आहेत हे तुमच्याकडे?"

"आठ वर्षांची होते तेव्हापासून."

तो मनाशी काहीतरी जुळवत राहिला. 

"म्हणजे ते इथे होते त्याच हंगामातले," तो म्हणाला. "एवढे अकरा दाणे हाती आल्यावर शिकाऊ पोरसुद्धा नाचेल. त्यांनी ओळखले नाहीत असं होणार नाही."

"ते शिकाऊ नव्हते," ती म्हणाली.

"नाही ना." त्याने चष्मा काढून पुसला. "आम्ही सगळेच करतो हे. चांगला दाणा दिसला की एखादा खिशात टाकतो, घरच्यांसाठी. वाटतं, गोणीत आणखी शंभर असतील. त्यांनाही वाटलं असणार. पण गोणीत उरला नव्हता एकही. मग प्रयोगशाळेतून शून्य आलं तेव्हा ते बोलले का नाहीत? डबी नेऊन दाखवली असती तर त्याच वर्षी इथे खाण झाली असती."

 तिला ती दुपार दिसत होती. ऐन हंगामात बाबा अचानक घरी आले होते. ती टेबलाशी गणितं सोडवत होती. ते शेजारच्या खुर्चीवर अवघडून बसले, आणि म्हणाले, "ती डबी मला परत देशील का गं? कामाला लागतेय." तिने मान वर केली नाही. "घ्या," म्हणाली. हिरा कबूल करून खडे आणणाऱ्या माणसाला आपल्याला ते हवेत हे ती कळू देणार नव्हती. पेन्सिल मात्र तिने वहीत इतकी दाबली की टोक मोडलं. बाबा त्या मोडक्या टोकाकडे बघत राहिले. त्यांच्या धंद्याचा पहिला नियम होता, वरच्या थरावर विश्वास ठेवायचा नाही. मग त्यांनी चाकू घेऊन पेन्सिलीला टोक काढून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी निघून गेले. डबी होती तिथेच होती. "एवढ्या लांबून काय नुसती दाढी करायला आला होता हा माणूस?" असं आई आठवडाभर म्हणत होती.

त्यानंतर कितीतरी वर्षं बाबा त्या ओढ्याच्या आसपासच्या नद्या धूत राहिले, आणि शून्यावर सह्या करत राहिले. त्या घरात दगड कुणाला प्यारे आणि माणसं कुणाला, याचा निकाल लेकीने कधीच लावून टाकला होता. पुरावा तेवढा पेन्सिलींच्या मागे पडून होता.

"तुमच्या वडिलांच्या जुन्या कंपनीचा खाणपट्टा तेव्हा इथे चालू होता," जनसंपर्कवाल्या बाई अचानक म्हणाल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "शोध त्या वर्षीचा ठरला तर ते उद्या दावा ठोकतील. मॅडम, कृपा करा, हे इथलेच म्हणून कुठेही बोलू नका."

"मग मी यात काय लिहू?" पहारेकरणीने नोंदवही पुढे ओढली. "इथले असतील तर कंपनीचे. जप्त. बाहेरचे असतील तर न्या. एक काय ते सांगा, मागे रांग लागलीय."

मुख्य भूवैज्ञानिक जमिनीकडे बघत होता. जनसंपर्कवाल्या बाई लेकीकडे. खरं सांगितलं तर डबी जाणार होती, आणि भिंतीवरच्या द्रष्ट्या पुरुषाचा, पोरीसाठी खाण गमावलेला एक बाप होणार होता. त्याची बाबांना लाज वाटली असती असं तिला वाटेना. पण डबी जाणार होती.

"काचेचे मणी लिहा," बाई म्हणाल्या.

"मणी?" पहारेकरणीने डबी हलवली. "मग भोकं कुठायत याला?"

"पाडायची राहिलीत," लेक म्हणाली.

पहारेकरणीने तिच्याकडे पाहिलं, मग खड्यांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "किंमत?"

"शून्य."

"करा सही."

वीस वर्षांत तिच्या पेनाखालून एक वेलांटी चुकीची गेली नव्हती. तिने 'काचेचे मणी, किंमत शून्य' हा मजकूर एकदा नीट वाचला. शुद्ध होता. त्याच्याखाली तिने सही केली. बाबांच्या सहीसारखीच ती शेवटी थोडी खाली उतरली.

---

विमानाला उशीर होता. धावपट्टी म्हणजे माळावरची सपाट केलेली माती, आणि बसायला एक पत्र्याची शेड. कंपनीने दोन कुंपणं घातली होती, पण ओढ्याला कुंपण घालता आलेलं नव्हतं. तो खालून निसटून शेडच्या मागून बारीकसा वाहत होता. इथे कुठलीही पाटी नव्हती.

ती ओढ्याशी गेली आणि दिवसभरात पहिल्यांदा वाकली. गुडघे टेकून बसली. डबी उघडून वाळूवर ठेवली. मग एक खडा उचलला, आजूबाजूला कुणी बघतंय का हे न पाहता जिभेवर ठेवला, आणि उजेडात धरला. इतकी वर्षं तिने तो कोरडाच पाहिला होता. ओला झाल्यावर तो आतून पेटल्यासारखा लाल झाला.

"आठवतं मला, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.  "आठवतं. मी 'घ्या' म्हणाले होते. पण नको नव्हते. मला हवे होते ते."